पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलायचेत? मग आधी एवढी तयारी करा

स्विफ्ट, वॅगनआर, आय टेन असल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक (चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती, तिला दोन्हीकडून पॅड दाबतात) आणि मागे ड्रम ब्रेक असतो. मी इथं फक्त पुढच्या डिस्कच्या पॅडबद्दल सांगतोय. मागच्या ड्रमच्या नादाला पहिल्यांदाच लागू नका, त्यात स्प्रिंगा, अ‍ॅडजस्टर, हँडब्रेकची केबल असा सगळा गोतावळा असतो, ते काम मेकॅनिककडेच बरं. पुढचे पॅड मात्र नीट तयारी असेल तर आरामात होतात, आणि खरं सांगायचं तर पॅड बदलण्यात फारशी भीती नाहीये, भीती आहे ती गाडी उचलण्यात. म्हणून तयारीतला जास्त वेळ आणि पैसा तिकडेच घाला.

आधी बघा की पॅड खरंच संपलेत का. अलॉय असेल तर चाकाच्या फटीतून मोबाईलचा टॉर्च मारून बाहेरचा पॅड दिसतो, स्टीलचं चाक असेल तर ते काढूनच बघावं लागतं. नव्या पॅडचा मसाला (डिस्कला घासणारा थर) साधारण 10 मिमीच्या आसपास असतो, 3 मिमी उरला की बदलायची वेळ आली समजा. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते, मसाला संपत आला की ती डिस्कला घासते आणि बारीक चिरचिर आवाज येतो. आवाज चिरचिर नसून खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा असेल तर डिस्कही खराब झालेली असू शकते, मग नुसत्या पॅडवर भागणार नाही. डिस्कवर कुठंतरी कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्निअर असेल तर मोजा, जाडी त्याच्या खाली गेली असेल तर डिस्कही बदला.

पॅड घेताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलमध्ये सालाप्रमाणे, पेट्रोल-डिझेलप्रमाणे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) वेगळा असू शकतो, त्यामुळे आरसीचा फोटो काढून चेसी नंबर दुकानदाराला दाखवा. पुण्यात असाल तर नाना पेठेत सगळं मिळतं, पण डुप्लिकेट मालही बाजारात भरपूर आहे, तेव्हा बिल देणाऱ्या दुकानातनंच घ्या. कंपनीचे ओरिजिनल घ्या नाहीतर बॉश, ब्रेम्बो, राणे असे नावाजलेले घ्या, महागड्या स्पोर्ट पॅडची शहरात काही गरज नसते. आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे, एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

आता हत्यारं. डिक्कीत मिळतो तो जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो, त्याच्यावर गाडी ठेवून काम करायचं नाही म्हणजे नाही. जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) घ्या, वजनाचं रेटिंग बघून घ्या, नाहीतर मित्राकडून मागून आणा, आणि तेही जमत नसेल तर हे काम करूच नका, सरळ गॅरेजला द्या. विटा किंवा फरशीचे तुकडे रचून त्यावर गाडी टेकवणारे लोक मी बघितलेत, वीट कधी फुटेल सांगता येत नाही. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं, म्हणजे स्टँड सटकलाच तरी गाडी चाकावर बसेल. बाकी व्हील पाना, गोटी पान्याचा सेट (कॅलिपरच्या बोल्टना बहुतेक 12, 14 किंवा 17 लागतो), कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) दाबायला सी क्लॅम्प, वायरब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, स्लाइड पिनला (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन) लावायचं सिलिकॉन ग्रीस, जाड तार, हातमोजे, मास्क. पिनला साधं बेअरिंगचं ग्रीस लावू नका, त्यानं रबर फुगतं आणि पिन जाम होते. टॉर्क रेंच मिळाला तर फारच छान, किती टाइट करायचं ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं.

मास्क कशाला असं वाटेल, पण ब्रेकची काळी धूळ छातीत जायला नको. हवा मारून किंवा फुंकर मारून ती उडवू नका, स्प्रेनं ओली करून पुसा. आणि डिस्कवर डब्ल्यूडी फोर्टी (गंजलेले नट सोडवायचा तेलकट स्प्रे) किंवा डिझेल चुकूनही लागू देऊ नका.

जागा सपाट आणि पक्की हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक आणि स्टँड दोघांखाली जाड प्लायवूडचा तुकडा टाका, नाहीतर ब्लॉक खचतो. एक गोष्ट लोकांना माहीत नसते, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं पुढचं एक चाक हवेत गेलं की नुसता गिअर टाकून ठेवल्याचा काही उपयोग नसतो, डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा भाग) हवेतलं चाक मोकळं फिरतं आणि गाडी सरकू शकते. म्हणून हँडब्रेक ओढायचाच आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून घ्या.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि ऑइलची लेव्हल खाली जाते, ते बघून आधीच ऑइल ओतलं तर नंतर पिस्टन मागे दाबताना तेच डबीतनं वर येऊन बाहेर सांडतं आणि गाडीचा रंग सोलून काढतं. तेव्हा काहीही ओतू नका, डबीभोवती जुनं फडकं गुंडाळून ठेवा, लेव्हल आधीच मॅक्सला असेल तर इंजेक्शनच्या नव्या सिरिंजनं थोडं काढून घ्या. रंगावर सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता. ब्रेकचा पाइप किंवा ब्लीडिंगचा (ऑइलमधली हवा काढायचा) नट मात्र उघडायचा नाही, हवा आत गेली की काम तिप्पट होतं.

एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे कुठली क्लिप कशी बसते ते विसरलं तर दुसरीकडे बघता येतं, फोटो तर काढाच. कॅलिपर काढला की तारेनं चाकामागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधायचा, रबरी पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा फारच झिजलेला दिसला तर पिन जाम आहे समजा, पिनचं रबर फाटलंय किंवा पिस्टनजवळ ओल दिसतेय असं असेल तर पुढं जाऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

शक्यतो शनिवारी सकाळी सुरू करा, रविवारी बहुतेक स्पेअरची दुकानं बंद असतात आणि एखादी क्लिप तुटली तर आणायला स्कूटर हाताशी हवी. पहिल्यांदा करताय तर अर्धा दिवस धरून चाला.

सगळं बसवून झाल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल दाबत राहा, पहिल्यांदा ते पार खाली जाईल, कडक होईपर्यंत दाबा आणि मग ऑइलची लेव्हल परत बघा. नंतर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर 40-50 च्या स्पीडवरून हळूहळू 10 पर्यंत आणायचं, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर ठेवून. दोनेकशे किलोमीटर जपून ब्रेक मारा, आणि दुसऱ्या दिवशी चाकांचे नट परत एकदा पान्यानं तपासा.