उन्हाळ्यात सेन्सरची पट्टी सुटते?

सोलापूरचा पारा ४३च्या पुढे गेला की मधुमेह असलेल्या लेकीच्या दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर चौथ्या दिवशीच कडेने उचकटायचा. सेन्सर गेला की ऑटोमॅटिक इन्सुलिन पंपाला साखर दिसतच नाही. मग तो नुसता ठरलेल्या बेसलवर (सतत थोडं थोडं जाणारं इन्सुलिन) चालतो. शिवाय महागडा सेन्सर वाया! आता असं करतो:

१. अंघोळीनंतर लगेच लावायचा नाही. पंख्याखाली अर्धा तास बसून घाम पूर्ण जिरू द्यायचा.
२. त्या जागी तेल, पावडर, क्रीम काही नको. अंग जुन्या, विरलेल्या पंच्यानेच पुसायचं. आपल्या गावचा नवा टर्किश टॉवेल सुरुवातीला तंतू सोडतो आणि ते नेमके डिंकात अडकतात. (हे कळायला आमचे दोन सेन्सर गेले.)
३. स्पिरिटच्या स्वॅबने पुसून जागा आपोआप वाळू द्यायची. फुंकर नको.
४. लावल्यावर कडेकडेने बोट फिरवत मिनिटभर दाबायचं. वरून मधे भोक असलेली जादा पट्टी.

काढताना मात्र खोबरेल तेल बोटाने कडेला जिरवायचं. पट्टी न ओरबाडता सुटते.

एक जपा: घामाने पंपाची कॅन्युलाही (त्वचेखाली इन्सुलिन सोडणारी बारीक नळी) निसटते आणि पंप दरवेळी अलार्म देईलच असं नाही. पंपात फक्त झटपट, लवकर असर संपणारं इन्सुलिन असल्याने काही तासांत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी घातक आम्लं) वाढू शकतात. पंपातून करेक्शन (साखर उतरवायचा जादा डोस) देऊनही साखर चढतीच असेल तर कीटोन तपासा, डॉक्टरांनी सांगितलेला डोस पेनने द्या, मग सेट (कॅन्युला आणि तिची पट्टी) बदला.