जमिनीखालची कचराकुंडी बसवायचीय? आधी वर बघा

अशी कुंडी म्हटलं की सगळे खड्ड्याबद्दलच बोलतात, पण खड्डा काय, जेसीबी लावला की होतो. खरी अडचण वर असते. कुंडी रिकामी करायला क्रेनवाली गाडी येते, आतला डबा हुकाने सरळ वर उचलते आणि तळ उघडून गाडीत सोडते, म्हणजे वर विजेची तार, केबलवाल्यांची जाळी, गुलमोहराची फांदी काहीच नको. शिवाय गाडीला जॅक टेकवून उभं राहायला जागा पाहिजे, तिथे रोज रिक्षा लागत असतील तर ती जागा सोडा.

मग खाली. नकाशावर विसंबू नका, हाताने ट्रायल पिट मारा, म्हणजे आधी एक छोटा खड्डा खणून बघा, गावठाणात पाण्याची लाईन आणि महावितरणची केबल कुठून गेलीय हे कुणालाच धड माहीत नसतं. पिट पावसाळा सरता सरता मारा, जमिनीतलं पाणी किती वर येतं ते तेव्हाच दिसतं, आणि ते वर असेल तर डबा ज्यात बसतो ती रिकामी आरसीसी टाकी होडीसारखी उचलली जाते, म्हणून तळाचं काँक्रीट जाड घ्या. तोंड रस्त्याच्या लेव्हलपेक्षा उंच ठेवा.

साईजचा अंदाज: माणशी अर्धा किलो धरा, ४०० घरं, घरात ४ माणसं, झाले रोजचे ८०० किलो. ओल्यासुक्याचे डबे वेगळेच, सरकारच्या घनकचरा नियमात पण २०१६ पासून तेच आहे.

आता सगळ्यात घाण भाग, कचऱ्याचं पाणी. आपला कचरा ओला, त्यात भाजीची देठं, निर्माल्य, उरलेली आमटी, त्यामुळे डब्याचा तळ पाणी धरणारा हवा आणि खड्ड्याच्या कोपऱ्यात सम्प, म्हणजे पाणी साठायला छोटा खळगा, काढून पंप बसवा. हे पाणी पावसाळी गटारात अजिबात सोडायचं नाही, ड्रेनेजला, म्हणजे सांडपाण्याच्या लाईनला द्यायचं, ते पण विचारून.

कुणी कचरा हवेने ओढून नेणाऱ्या पाइपांचं प्रेझेंटेशन दाखवेल. ती सिस्टीम खरी आहे, स्वीडनमधल्या हॉस्पिटलात १९६१ पासून, न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट आयलंडवर १९७५ पासून, आपल्या शेजारी गुजरातच्या गिफ्ट सिटीत पण आहे. पण रूझवेल्ट आयलंड काय नि गिफ्ट सिटी काय, पाइप वस्ती उभी राहतानाच टाकले. भरलेल्या पेठेत रस्ते उकरून ते करायचं म्हणजे खर्च बघूनच घाम फुटेल.

सुरतेत कुंड्यांना सेन्सर आहेत, भरत आली की कळतं. चांगलंय, पण एकच गाडी असेल आणि ती गॅरेजला गेली तर सेन्सर नुसता बोंबलत बसणार. टेंडरमध्ये आधी बदली गाडी लिहून घ्या, सेन्सर नंतर.