सिंहगड जमतो म्हणून स्पितीला निघालात? आधी या चुका टाळा

डोणज्याहून सिंहगडाचा घाट सायकलवर न थांबता चढायचा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हाणायचं, आणि उतरताना कुणीतरी म्हणायचं, "या वर्षी स्पिती करू या का?" हिमाचलातल्या स्पिती खोऱ्याकडे मीही असाच सायकल घेऊन निघालो होतो. गाड्या नाहीत, हॉर्न नाहीत, एका बाजूला नदी नि दुसऱ्या बाजूला उघडेबोडके डोंगर. आत गेल्यावर रस्ता खरोखर तसाच आहे. पण सिंहगडाचा माथा 1312 मीटरवर आहे, म्हणजे शिमल्यापेक्षाही आठ-नऊशे मीटर खाली. आपला सगळा सराव शिमल्याच्या खालचा. ही गोष्ट मला तिथे जाऊन कळली, तुम्ही घरीच समजून घ्या.

किलोमीटर मोजू नका, मुक्कामाची उंची मोजा

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. पुण्यात आपण राइड किलोमीटरमध्ये सांगतो: भोर गाठून परत, पानशेत, ताम्हिणी. तिकडे प्रश्न एवढाच, आज रात्री किती उंचीवर झोपणार? 3000 मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा साधारण 500 मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावात काढायचा. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या.

आम्ही काय केलं? रजा कमी, म्हणून रामपूरला सायकली जीपवर चढवल्या आणि थेट नाको गाठलं. सकाळी 1000 मीटरवर, रात्री 3600 मीटरच्या वर. संध्याकाळी कपाळात ठणका सुरू झाला. होमस्टेच्या काकूंनी गरम थुक्पा (नूडल्सचं सूप) पुढे ठेवला, तर वासानेच मळमळलं. पिशवीत घरचा पातळ पोह्यांचा चिवडा होता, त्यालाही हात लावावासा वाटेना. चिवडा नको वाटला तेव्हा मी घाबरलो. रात्रभर उशाला टेकून बसून काढली. दुसऱ्या दिवशी ताबोला उतरलो, ते 3280 मीटरवर आहे. तिथे दोन रात्री राहिल्यावर डोकं उतरलं. 996 साली स्थापन झालेला मठ निवांत बघायला मिळाला, ही त्यातली जमेची बाजू.

तर डोकं दुखतंय, भूक मेली आहे, झोप नाही, अशी उंची बाधल्याची लक्षणं दिसली की त्या दिवशी वर जायचं नाही. "पित्त झालं असेल" म्हणून आल्याचा चहा घेऊन पुढे निघणं हा आपला जुना रोग. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, किंवा टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, तर सकाळची वाट बघू नका, मिळेल त्या गाडीने लगेच खाली उतरा. उंची बाधू नये म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारून घेता येते, पण गोळी घेतली म्हणून चुकीचं वेळापत्रक बरोबर होत नाही.

मनालीकडून सुरुवात

नकाशावर मनाली काझ्याला, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावाला, जवळ दिसतं, म्हणून बरेच जण तिकडून जातात. पण त्या बाजूने तिसऱ्या-चौथ्या दिवशीच 4550 मीटरची कुंझुम खिंड आडवी येते. शिवाय ग्रांफू ते बातल हा पट्टा दगडगोट्यांचा आणि रस्त्यावरूनच नाले वाहणारा आहे. शिमल्याकडून रस्ता लांब पडतो, पण हळूहळू चढतो. कल्पाला (2960 मीटर) दोन रात्री, मग पूह, नाको, ताबो, काझा. तरीही पूह ते नाको ही एक उडी मोठी आहेच, म्हणून कल्पाच्या दोन रात्री वाचवू नका. कुंझुम करायचीच असेल तर शेवटी, काझ्याहून परत निघताना करा, तोवर शरीर तयार झालेलं असतं.

"हायवेवरच शांतता मिळेल"

शिमला ते रामपूर हा रस्ता ट्रक-बसचा आहे. किन्नौरमध्ये जलविद्युत प्रकल्पांचे डंपर आणि धूळ. हा भाग बसने केला तरी कुणी तुमची इज्जत काढणार नाही. फक्त उतरायचं कुठे ते ठरवून उतरा, आमच्यासारखं नाकोला नको. खरी शांतता खाबच्या पुलानंतर, जिथे स्पिती सतलजला मिळते, आणि त्याहून जास्त मुख्य रस्ता सोडल्यावर. अट्टरगूच्या पुलावरून पिन खोऱ्यात वळा आणि मुद गावापर्यंत जा. रस्ता तिथेच संपतो, त्यामुळे पुढे जाणारी वाहतूकच नाही. धनकरचा चढ छोटा पण खमका. काझ्याहून लांगझा, हिक्कीम, कोमिक हा फेरा सुंदर, पण तिथे दुपारी पर्यटकांच्या टॅक्सी येतात. सकाळी सहा-सातला निघालात तर रस्ता तुमचा.

सकाळी निघण्याचं दुसरं कारण पाणी आणि वारा. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्यापर्यंत येतो. वाराही दुपारनंतर उठतो. पुण्याच्या सवयीने नाश्ता-चहा करत साडेनऊला निघालात तर दोन्हींची गाठ पडणार. नाला भरलेला असेल तर भिजायचं शौर्य नको. थांबा, गाडीला हात दाखवा, नाहीतर जवळच्या गावात मुक्काम करा.

आणि मे महिन्याची सुट्टी? तेव्हा कुंझुम बहुधा बर्फात असते. जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस कमी, पण तिथे पोचवणाऱ्या किन्नौरच्या रस्त्यावर दरडी कोसळतात. गणपतीचं विसर्जन झालं की निघा.

गिअर आणि हवा

4500 मीटरवर हवेचा दाब पुण्याच्या जेमतेम साठ टक्के असतो आणि दमाचा पाव भाग तरी जातो. पुण्यात पुढे 34 आणि मागे 28 दात असलेली सायकल सिंहगड चढवते. तीच दहा-बारा किलो सामान लादून कोमिकला न्या, लांगझाच्या वळणांवर उतरून ढकलावी लागेल. मागचं सर्वांत मोठं चक्र पुढच्या सर्वांत लहान चक्राएवढं किंवा त्याहून मोठं हवं. टायर 35 मिलिमीटरच्या आसपास. पातळ रोड टायरवर हट्ट करणारे भेटतात, बहुतेकदा पंक्चर काढताना.

एक गमतीची गोष्ट. पुण्यात 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला टायर कोमिकला 65 च्या आसपास दाखवतो, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो. थंडीने थोडा उतरतोही. त्यामुळे वर गेल्यावर टायर फुटेल म्हणून हवा सोडत बसू नका.

फुटण्याचा धोका असतो तो उतारावर. रिमब्रेक (चाकाच्या कडेला घासणारा ब्रेक) धरूनच नऊशे मीटर उतरलात तर रिम तापते आणि ट्यूब जाते. ब्रेक दाबा, वेग मोडा, सोडा, मागचा-पुढचा आळीपाळीने. मध्ये दोनदा थांबून रिमला बोट लावून बघा. जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे उतार सुरू होण्याआधी घाला, खाली पोचल्यावर नाही. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबलाय तेच समजत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

रोख पैसे भरपूर न्या, एटीएमवर भिस्त नको. फोनची रेंज गावागावात बदलते, म्हणून आज कुठे पोचणार हे सकाळीच घरी कळवा. ऊन पुण्यापेक्षा कितीतरी कडक असतं. सनस्क्रीन लावताना नाक आणि कानाची पाळी विसरली तर तिसऱ्या दिवशी सालं निघतात.

आणि डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्यावर बसतो तो छोटा तुकडा. विमानाच्या नाहीतर बसच्या प्रवासात सायकल डिरेलरच्या बाजूवर पडते, हँगर वाकतो, आणि पहिल्याच मोठ्या चढाला डिरेलर स्पोकमध्ये घुसतो. हा तुकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, काझ्यात मिळण्याची आशा ठेवू नका. पुण्यातूनच एक जादा घ्या आणि सॅडलबॅगमध्ये टाका. सायकल खोक्यात भरताना मागचा डिरेलर सोडवून कापडात गुंडाळा. एवढं करूनही तुटलाच आणि जादा हँगर नसेल, तर डिरेलर काढून टाका, चेन टूलने कड्या कमी करून चेन मागच्या मधल्या चक्रावर ताठ बसवा. एकाच गिअरवर चढ ढकलत आणि उतार सावकाश करत पुढच्या गावापर्यंत जाता येतं.