अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगचा ‘टीचिंग प्रोफेसर’ व्हायचं असेल तर

पीएचडी संपत आलेल्या किंवा पोस्टडॉक करणाऱ्या मुलामुलींकडून हल्ली एकच प्रश्न फिरून फिरून येतो. शिकवायला मनापासून आवडतं, ग्रँटच्या मागे जन्मभर धावायचं नाही, मग टीचिंग प्रोफेसरच्या, म्हणजे मुख्यतः शिकवण्यासाठीच असलेल्या, जागांसाठी तयारी कशी करायची? जाहिराती कुठे येतात, सीव्ही कसा मांडायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. मी स्वतः या वाटेने आले, आणि त्यातली एक जागा अशी आहे जिथे मी वाईट अडकले. या लेखातला बराचसा भाग तिच्यावरच आहे.

आधी पदाचं नाव. एकसारख्या वाटणाऱ्या नावांखाली फार वेगळ्या नोकऱ्या असतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियामध्ये ‘असिस्टंट प्रोफेसर ऑफ टीचिंग’ म्हणून जी जागा निघते, तिचं कागदावरचं नाव ‘लेक्चरर विथ पोटेन्शियल सिक्युरिटी ऑफ एम्प्लॉयमेंट’. नाव बघून घाबरू नका, ही टेन्युअर ट्रॅकला, म्हणजे प्राध्यापकाच्या कायम नोकरीकडे नेणाऱ्या वाटेला, समांतर अशी पक्की वाट आहे. अ‍ॅकॅडेमिक सिनेटचं सदस्यत्व मिळतं आणि बढतीच्या वेळी अध्यापन, व्यावसायिक किंवा विद्वत्तेचं काम आणि सेवा अशा तीन गोष्टी तपासतात. त्याच विद्यापीठात नुसतं ‘लेक्चरर’ लिहिलेली जागा मात्र कराराची. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये ‘असिस्टंट टीचिंग प्रोफेसर’ हे पद आहे, पण तिथे टेन्युअर नाही, मुदतीचे करार असतात. करार म्हणजे वाईट असं नाही. पण सही करायच्या आधी करार किती वर्षांचा, नूतनीकरण कोण ठरवतं, बढतीची शिडी आहे का, हे तीन प्रश्न विचाराच.

आता एक कडू बोलते. रिसर्चमध्ये जमलं नाही म्हणून इकडे येणार असाल तर येऊ नका. दोनशे मुलांचा स्टॅटिक्सचा (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा) वर्ग, त्याच्या जोडीला लॅब, टीएंची, म्हणजे शिकवायला मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांची, टीम, परीक्षा, तक्रारी, अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांच्या सवलतींची व्यवस्था हे पूर्णवेळ काम आहे. ते दुय्यम समजणाऱ्याचा अर्ज पहिल्याच परिच्छेदात ओळखू येतो. आणि मनापासून येणार असाल तर धीर धरा. या जागांना माणसं खरोखर हवी असतात, आणि सीव्हीवर पंधरा जर्नल पेपर नाहीत म्हणून कोणी तुम्हाला हाकलत नाही.

हाकलतात ते पुराव्याअभावी. टीए म्हणून पाच वर्षं काढली हा पुरावा धरला जात नाही. अख्खा कोर्स तुमच्या नावावर, ‘इन्स्ट्रक्टर ऑफ रेकॉर्ड’ म्हणून, निदान एकदा तरी हवा. उन्हाळी सत्रात हे बऱ्यापैकी मिळतं, कारण तेव्हा कायमचे प्राध्यापक शिकवायला फारसे उत्सुक नसतात. डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरकडे आदल्या हिवाळ्यातच शब्द टाकून ठेवा. कोर्स संपला की विद्यार्थ्यांचे अभिप्राय त्याच दिवशी उतरवून घ्या, कारण विद्यापीठ सोडलं की लॉगिन बंद होतं आणि मग त्या पीडीएफसाठी कोणाकोणाचे पाय धरावे लागतात.

आणि आता तो सापळा.

टीचिंगच्या बऱ्याच जागांना ‘स्कॉलरशिप’ लागते, म्हणजे शिकवण्याविषयीचं संशोधन. अमेरिकन सोसायटी फॉर इंजिनिअरिंग एज्युकेशनच्या जूनमधल्या परिषदेत एखादा पेपर असला तर अर्जाला वजन येतं. मी उन्हाळ्यात स्टॅटिक्स शिकवत होते. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी संकल्पना तपासणारी एकच चाचणी घेतली, मधल्या काळात शिकवण्याची पद्धत बदलली, आकडे छान आले. त्याचा पेपर करायचा म्हणून मी मंजुरीसाठी विद्यापीठाच्या आयआरबीकडे, म्हणजे माणसांवरच्या संशोधनावर देखरेख करणाऱ्या मंडळाकडे गेले. उत्तर आलं: संशोधनाच्या हेतूने माहिती आधीच गोळा केली असेल तर मागच्या तारखेपासून मंजुरी देता येत नाही. अख्ख्या सत्राचं काम तिथेच संपलं. पेपर नाही, आणि अर्जातही ते आकडे संशोधन म्हणून मांडता येईनात.

यातली गुंतागुंत नीट समजून घ्या, कारण इंजिनिअरिंगमधून आलेल्या माणसाला ही कोणी शिकवतच नाही. आपण बीम तोडतो, नमुने जाळतो, तेव्हा कोणाची परवानगी लागत नाही. विद्यार्थ्यांचे गुण हा मात्र माणसांबद्दलचा डेटा आहे. वर्गातल्या नेहमीच्या शिक्षणपद्धतींवरचा अभ्यास फेडरल नियमांत बहुतेक वेळा ‘एक्झेम्प्ट’, म्हणजे सूट असलेल्या, गटात बसतो. इथेच लोक फसतात. एक्झेम्प्ट म्हणजे ‘विचारायची गरज नाही’ असा अर्थ नाही. आपलं काम एक्झेम्प्ट आहे की नाही हे आपण ठरवायचं नसतं, ते बहुतेक विद्यापीठांत आयआरबीचं कार्यालय ठरवतं, आणि तेही काम सुरू होण्याआधी. फॉर्म भरा, ‘सिटी’ (CITI) या संस्थेचं संशोधन-नीतीवरचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करा, उत्तर येईपर्यंत थांबा. काही आठवडे जातात, म्हणून सत्र सुरू होण्याच्या बरंच आधी सुरुवात करा.

हेतूची भानगड वेगळीच. निव्वळ स्वतःचा कोर्स सुधारण्यासाठी चाचणी घेतली, तर ते संशोधन नाही. त्यातून सगळ्यांना लागू पडेल असं काही सिद्ध करून छापायचं असेल, तर ते संशोधन. कोर्ससाठीच घेतलेल्या चाचण्यांचे जुने आकडे नंतर वापरायला काही वेळा परवानगी मिळते, तोही निर्णय आयआरबीचाच. पण ‘मी तर फक्त कोर्ससाठी घेतली होती’ असं मागाहून म्हणू नका. तुमच्या ईमेलमध्ये परिषदेचा ॲबस्ट्रॅक्ट पडलेला असतो. शिवाय १९७४ चा फर्पा हा कायदा विद्यार्थ्यांच्या नोंदींना संरक्षण देतो, त्यामुळे नावानिशी गुणांची फाइल लॅपटॉपवर घेऊन दुसऱ्या विद्यापीठात जाणं हा स्वतंत्र नियमभंग होऊन बसतो.

संमतीचं काय करायचं तेही सांगते. संमतिपत्रं तुम्ही स्वतः गोळा करू नका. दुसऱ्या कोणाला तरी वर्गात पाठवा, तुम्ही बाहेर उभे राहा, आणि कोणी संमती दिली हे अंतिम ग्रेड जाहीर होईपर्यंत बघू नका. बाईंना ‘नाही’ म्हटलं तर ग्रेड जाईल, ही भीती मुलांच्या मनात राहता कामा नये. हे सगळं मी आज मुलाखतीत सहज सांगू शकते, आणि समितीत शिक्षणशास्त्राची माणसं असतील तर ‘ही माहिती कोणत्या मंजुरीखाली गोळा केलीत?’ हा प्रश्न येतोच.

बाकी कागदपत्रांवर थोडक्यात. टीचिंग स्टेटमेंटमध्ये, म्हणजे आपल्या शिकवण्याविषयी अर्जासोबत द्यायच्या निवेदनात, ‘मला शिकवण्याची आवड आहे’ हे वाक्य नको. एक कोर्स, त्यातली मुलं कुठे अडत होती, तुम्ही काय बदललं, काय फरक पडला, एवढं पुरे. पैसे घेऊन स्टेटमेंट लिहून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. ते सगळ्यांना एकाच साच्यात ओततात आणि समितीने त्या साच्याचे ढीग वाचलेले असतात. एआयकडून लिहून घेतलेल्याची तीच गत. वेगळं डायव्हर्सिटी स्टेटमेंट मागण्याची अट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने मार्च २०२५ मध्ये काढून टाकली. जुने नमुने समोर ठेवून अर्ज तयार करत असाल तर प्रत्येक जाहिरात नव्याने वाचा.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. तुमचा अ‍ॅडव्हायजर कितीही नावाजलेला असो, या वाटेवर तो कामाचा नाही. त्याने आयुष्यात टीचिंग स्टेटमेंटवर नोकरी मिळवलेली नसते. डिपार्टमेंटमध्ये जो लेक्चरर वर्षानुवर्षं सगळ्यात मोठे वर्ग सांभाळतोय, त्याला गाठा, त्याला वर्गात येऊन बसायची विनंती करा, आणि त्याचं शिफारसपत्र घ्या. ‘मी तिला शिकवताना पाहिलंय’ एवढं एक वाक्य असलेलं पत्र मोठ्या नावाच्या पत्रापेक्षा उपयोगी पडतं.

झूमची पहिली फेरी लहान असते, ती निभावते. कसोटी लागते कॅम्पसवरच्या शिकवण्याच्या प्रात्यक्षिकात. बरेच जण तिथे सोपी केलेली रिसर्च टॉक देतात आणि खाली बसतात. समितीला दुसऱ्या वर्षाची मुलं समजूनच शिकवा. मी घर्षण घेतलं होतं. फळ्यावर लिहिलं: १० किलोचा ठोकळा सपाट जमिनीवर आहे, स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.५, आडवं बल २० न्यूटन. घर्षणबल किती? एक ज्येष्ठ प्राध्यापक मुद्दाम विद्यार्थ्याच्या भूमिकेत शिरून म्हणाले, “म्यू गुणिले एन, म्हणजे ४९.” (म्यू हा गुणांक, एन हे जमिनीने ठोकळ्यावर लावलेलं बल, इथे सुमारे ९८ न्यूटन.) मी चूक म्हटलं नाही. विचारलं, “पुढे २० आणि मागे ४९, मग ठोकळा कुठे जाईल?” ते थांबले, शेजारच्या बाईंशी बोलले, आणि म्हणाले, “मागे. पण तसं होत नाही.” मग २० न्यूटन हे उत्तर त्यांनीच दिलं. ४९ ही घर्षणाची मर्यादा आहे, ते दर वेळचं मूल्य नाही, हे मला सांगावं लागलं नाही. वीस मिनिटांत एवढी एक गोष्ट नीट झाली तरी चालतं. सगळा धडा संपवण्याच्या घाईत कोणालाच काही कळत नाही.

अशा पद्धतीवर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, “मुलांना हे आवडत नाही, मग तुमचे अभिप्राय खराब आले तर?” उत्तर तयार ठेवा. २०१४ मध्ये पीएनएएस या विज्ञान नियतकालिकात आलेल्या आढाव्यात २२५ अभ्यास एकत्र केले होते, आणि निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता सुमारे दीडपट निघाली होती. २०१९ मध्ये त्याच नियतकालिकात हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा अभ्यास आला. कृतिशील वर्गातली मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. म्हणून पहिल्याच आठवड्यात मुलांना हे उघडपणे सांगायचं, असं मी म्हणाले, आणि समितीतल्या दोघांनी ते लिहून घेतलं. ॲबेटबद्दलही बोलायची तयारी ठेवा. ही इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था. तिचा सर्वंकष आढावा साधारण सहा वर्षांनी येतो आणि त्याची कागदपत्रं बहुधा टीचिंगच्या माणसाच्याच टेबलावर येतात. त्यांचे सात ‘स्टुडंट आउटकम’ वाचून गेलात आणि तुमचा कोर्स त्यातल्या कोणत्याला धरून आहे हे सांगितलंत, तर चेअरचा, म्हणजे विभागप्रमुखाचा, चेहरा खुलतो.

इथवर पोचलात आणि नकार आला, तर तो तुमच्या शिकवण्यावरचा शेरा समजू नका. एका जागेला एकच माणूस लागतो आणि कधी कधी त्यांना द्रवगतिकी शिकवणारा हवा असतो, तुम्ही घनपदार्थांवाले असता. पुढच्या ऑगस्टपासून पुन्हा जाहिराती येतात.

ऑफर आली की पगाराचा अंदाज घेणं सोपं. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात सरकारी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांचे पगार सार्वजनिक असतात, त्याच डिपार्टमेंटचे आकडे बघा. पगार नऊ महिन्यांचा आहे का आणि उन्हाळ्यात शिकवलं तर वेगळे पैसे मिळतात का, हे स्पष्ट करून घ्या. पगारापेक्षा जास्त भांडा ते पहिल्या वर्षी एक कोर्स कमी मिळण्यासाठी आणि टीएंच्या तासांसाठी. दोनशे मुलांमागे किती टीए, हे ऑफर लेटरमध्ये लेखी हवं. तोंडी आश्वासन चेअर बदलला की विरून जातं.

व्हिसाचंही तेव्हाच बोला. विद्यापीठांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नाही, हा मोठा दिलासा. पण सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने काही नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली गेली. तुमच्या बाबतीत ती लागू होते का, हे विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून लेखी घ्या. ग्रीन कार्डसाठी कॉलेजमधल्या शिक्षकांना ‘स्पेशल हँडलिंग’ची सोय आहे. तुमची निवड झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत लेबर सर्टिफिकेशनचा (कामगार खात्याच्या मंजुरीचा) अर्ज गेला, तर तीच निवडप्रक्रिया धरली जाते. ती मुदत उलटली तर बहुधा जाहिरातीपासून पुन्हा सुरुवात. डिपार्टमेंट हे विसरतं, म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात एचआरला ईमेल करून निवडीची तारीख विचारा, आणि जाहिरातीची प्रत, ती छापून आल्याचा पुरावा नि निवड समितीचा अहवाल त्यांच्या फाइलमध्ये आहे का, याची खात्री करून घ्या.