कंपनीच्या मूळ रिमवर वेगळ्या साइजचा टायर टाकायचाय? आधी हा हिशोब करा

टायर गुळगुळीत झाले की दुकानदार हमखास विचारतो, साहेब आहे तीच साइज टाकू की एक नंबर मोठी? आणि आपणही खड्डे आठवून, शिवाय कंपनीचे बारीक टायर कसे दिसतात ते आठवून हो म्हणून मोकळे होतो. मोठी म्हणजे नक्की काय मोठं, रुंदी की उंची, हे कुणी विचारतच नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो. रिम तीच ठेवून साइज बदलता येते, नाही असं नाही, पण रुंदी वाढवली की उंचीचा आकडा खाली आणावा लागतो आणि किती रुंद जायचं ते तुमची रिम ठरवते, दुकानात कुठला स्टॉक पडलाय त्यावरून नाही ठरत ते.

सगळ्यात आधी टायरच्या साइडवॉलवरचा, म्हणजे बाजूच्या भिंतीवरचा, नंबर वाचा. स्विफ्ट, डिझायरच्या खालच्या व्हेरिएंटला बऱ्याच वर्षांपासून १६५/८० आर१४ टायर येतो, तोच उदाहरणाला घेऊ. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे साइडवॉलची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या ८० टक्के. आणि १४ म्हणजे रिम किती इंची. गंमत अशी की मधला आकडा टक्क्यात असल्यामुळे पहिला आकडा हलवला की उंचीही आपोआप हलते.

आता मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर उघडा. १६५ चे ८० टक्के १३२, साइडवॉल वर एक आणि खाली एक म्हणून दुप्पट २६४, आणि १४ इंच गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६, बेरीज ६१९.६ मिमी. ही तुमच्या चाकाची मूळ उंची. नवीन साइज कुठलीही असो, बेरीज याच्या जवळपास यायला हवी. ३ टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं सर्रास सांगतात, मला विचाराल तर दीड टक्क्याच्या आत राहा, आणि फरक पडलाच तर खालच्या बाजूला पडू दे.

मग पर्याय तपासा. समजा कुणी नुसती रुंदी वाढवून १८५/८० म्हणालं, तर बेरीज ६५१.६, म्हणजे ५ टक्क्यांहून जास्त उंच. चाक वरच्या कमानीच्या आतल्या लायनिंगला घासू शकतं, पिकअप मंदावतो, आणि मीटरवर १०० दिसताना गाडी त्याहून थोडी जोरात चाललेली असू शकते, कारण कंपनीचा मीटर मुळात थोडा जास्त दाखवतो ते मार्जिन इथेच संपतं. एक्सप्रेसवेवरच्या कॅमेऱ्याला तुमचा मीटर दिसत नाही. उलट १८५/६५ टाकला तर ५९६.१, जवळपास ४ टक्के कमी, गाडी १२ मिमी खाली बसते आणि आपल्याकडचे स्पीड ब्रेकर बघता तेवढंही जाणवतं. १८५/७० मात्र ६१४.६ येतो, फक्त ५ मिमीचा फरक, एक टक्कासुद्धा नाही. म्हणून या रिमवर वर जायचंच असेल तर हीच साइज शहाणपणाची.

पण थांबा, रिमची रुंदी अजून बघितलीच नाही, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. रिमवर, अलॉय असेल तर मागच्या बाजूला, १४ x ५जे किंवा ५ १/२ जे असं काहीतरी कोरलेलं असतं, त्यातला ५ म्हणजे रिमची रुंदी इंचात. प्रत्येक टायरला किती ते किती इंच रिम चालते ते टायर कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. १८५/७० ला साडेचार ते सहा इंच चालते, म्हणजे ५जे वर तो बसतो, साडेपाचवर जास्त छान बसतो. १९५/६५ ला मात्र किमान साडेपाच लागते. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की टायर मधोमध फुगल्यासारखा होतो, मधलाच भाग झिजतो, आणि वळणावर साइडवॉल लवून गाडी तरंगल्यासारखी वाटते. दुकानदार म्हणेल बसतो साहेब, रोज बसवतो. बसतो हो, बसण्याबद्दल वादच नाही.

त्यानंतर साइजच्या पुढचा कोड बघा, ८५टी वगैरे. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो झेपतं, ८८ म्हणजे ५६०. टी म्हणजे ताशी १९० किमीपर्यंतचा वेग, एस १८०, एच २१०. जुन्या टायरवर जे आहे त्याच्या खाली कधीच जायचं नाही, वर गेलात तर काही बिघडत नाही. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणेच भरा, टायर रुंद झाला म्हणून हवा कमी करू नका.

मिळतं काय? कोरड्या रस्त्यावर, घाटात ग्रिप वाढते, ब्रेकिंगला गाडी जास्त धरून राहते. जातं काय? टायर जड, स्टिअरिंग थोडं जड, अ‍ॅव्हरेज थोडं कमी. आणि पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं असेल तर रुंद टायर अरुंद टायरपेक्षा लवकर पाण्यावर चढतो, कोकणात येजा असेल तर हे डोक्यात ठेवा. खरं सांगायचं तर १२०० सीसीच्या गाडीला मूळ साइजमधलाच चांगल्या कंपनीचा टायर घेतला तरी बऱ्याच जणांचं काम होतं. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीलाही आधी मेलवर विचारून घ्या, तोंडी हो ला काही अर्थ नसतो.

ठरलंच तर चारही टायर एकाच साइजचे घ्या. बजेट नसेल तर निदान एका अ‍ॅक्सलचे, म्हणजे पुढचे दोन किंवा मागचे दोन, सारखे हवेतच. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडी तारीख असते, २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा, गोडाऊनमध्ये पडून राहिलेला जुना माल गळ्यात मारून घेऊ नका. आधी एकच टायर पुढे बसवायला सांगा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, आतल्या बाजूला सस्पेन्शन आणि टायरमध्ये बोट सहज जातंय का बघा. मगच बाकीचे, मग बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. नंतर चार माणसं बसवून एखाद्या स्पीड ब्रेकरवरून हळू न्या आणि खर्र असा आवाज येतो का ऐका.

स्टेपनी जुन्याच साइजची राहिली तर ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरती, तीही हळू चालवत.

आणि टायर बदलल्यावर अ‍ॅव्हरेज मोजताना एक लक्षात घ्या, उंची कमी झाली की ओडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर मोजतो. १८५/६५ टाकून अ‍ॅव्हरेज वाढलं म्हणणारे बरेचदा हेच मोजत असतात.