छिन्नीला पाणी दिलं तरी कानस लागतेच? माझा अनुभव

छिन्नी कडक व्हावी म्हणून लाल करून पाण्यात बुडवली (यालाच पाणी देणं म्हणतात) तरी मऊच, कानस घासली की धातू निघतोच. मिठाचं पाणी, जास्त ताव (म्हणजे जास्त तापवणं), सगळं करून झालं, डोकं उठलं नुसतं. छिन्नी केली ती सळी टर्नरकडची (लेथवाल्याकडची) ईएन-१ए नावाच्या मऊ पोलादाची निघाली, त्यात मशीनिंग सोपं व्हावं म्हणून गंधक ०.२ ते ०.३ टक्के मुद्दाम ठेवतात आणि कार्बन जेमतेम ०.१५ पर्यंत, मग कडक होणार कुठून! (गंधकामुळे लाल असताना ठोकलं तर तडेही जातात.)

मग इंदूरच्या लोहामंडीतून ट्रकच्या कमानीचा (लीफ स्प्रिंगचा) जुना पाटा आणला. आधी ग्राइंडरवर ठिणग्या बघा, भरपूर फुटल्या पाहिजेत, म्हणजे कार्बन पुरेसा आहे. आकार द्या, तापवा, चुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडं तापवून धार कोमट तेलात, पाण्यात नको, तडकते. कानस न लागता घसरली की धार कडक झाली; मग ठिसूळपणा कमी करायला लगेच धार घासून चकचकीत करा, मागून हळूहळू तापवा, धारेवर जांभळा रंग आला की परत तेलात.