जॅझमधून जुनी पॉप गाणी वाजवताय? या चुका टाळा

गाणं श्रोत्यांच्या ओळखीचं होण्याआधीच ते बदलून टाकणं, ही ट्रिब्यूट म्हणजे जुन्या गाण्यांना मानवंदना देणाऱ्या कार्यक्रमातली सगळ्यात मोठी चूक. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये आम्हीही ती केली. लय बदलली, कॉर्ड (चालीखाली एकत्र वाजणारे स्वर) बदलले, वर सुरुवातीला पियानोचा लांबलचक सोलो. मध्यंतरात एक काकू आत आल्या आणि म्हणाल्या, "अरे, ते गाणं वाजवलंत कधी?" त्यांचा प्रश्न रास्त होता.

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं 'माय फेव्हरिट थिंग्ज' नीट ऐका. 1959 च्या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेतलं गाणं त्याने 1960 मध्ये रेकॉर्ड केलं आणि ते जवळपास 14 मिनिटं वाजवलं. पण चाल पहिल्यापासून स्पष्ट आहे, आणि सोलोमधून तो पुन्हा पुन्हा तिच्याकडे येतो. म्हणून पहिल्यांदा मुखडा सरळ वाजवा. मग एकच गोष्ट बदला.

बीटल्सचं 'येस्टरडे' (1965) घेणार असाल तर खास सांभाळा. त्याचं कडवं सात बारांचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) आहे आणि आपले हात चार-आठला सरावलेले. ड्रमर सवयीने आठवा बार धरून फिल (ओळ संपतानाचा छोटा भराव) मारतो, बेस तोवर पुढच्या कडव्यावर गेलेला असतो आणि सॅक्सोफोनवाल्याला कुणाबरोबर जावं कळत नाही. आमची एक अख्खी तालीम यात गेली. उपाय साधा आहे: वाद्यं खाली ठेवा, सगळ्यांनी चाल गुणगुणत बोटांवर बार मोजा, तालाचं आवर्तन मोजतो तसे. सात झाले की पुन्हा सम. सोलोतही मनात तीच चाल चालू ठेवा. नुसता कॉर्डचा कागद बघून वाजवलं की हमखास सुटतं.

प्रत्येक गाण्याला स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, लावू नका. काही चाली सरळ लयीतच शोभतात.

ठाण्याच्या दमट हवेतून थेट एसीच्या हॉलमध्ये गेलात तर सॅक्सोफोन गार पडून त्याचा सूर उतरतो, कीबोर्डचा मात्र तिथेच राहतो. रंगमंचावरच थोडं फुंकून वाद्य गरम करा, मग सूर जुळवा.

आणि शेवट तालमीतच पक्का करा: खूण कोण करणार, शेवटची ओळ किती वेळा घ्यायची, शेवटचा स्वर कोणी धरायचा. आमच्याकडे आता बेसवाला मान हलवतो आणि सगळे त्याच्याकडेच बघतात.